ट्रॅक्टरच्या ऑईल गळतीचा माग : प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

आज ट्रॅक्टर शेडमधून बाहेर काढला. जूनमधल्या पेरण्या आटोपल्यापासून तो जवळजवळ उभाच होता. पऱ्हाटीतली डवरणी आमच्याकडे अजून बैलांवर होते, त्यामुळे पोळ्यापर्यंत ट्रॅक्टरला काम नसतं. आता नवरात्र लागलं की सोयाबीनची सोंगणी, लगेच मळणी, आणि खळं रिकामं होत नाही तोच चन्याची पेरणी. दादा गावात भाड्यानंही मळणी करतो. हिशोबाची वही माझ्याकडे असते आणि ट्रॅक्टरची देखभालही मीच बघते, म्हणून या नोंदी.

इंजिन तीन सिलिंडरचं, डिझेल, बऱ्याच वर्षांचं. उचल चांगली आहे, धूर नाही. तक्रार एकच. क्लच हाउसिंगच्या बुडाशी एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन सैल अडकवलेली असते. त्या पिनेच्या टोकावरून काळं ऑईल टपकतंय. जूनमध्ये तिथं ओल होती, थेंब नव्हता. आज मधल्या गतीवर अर्धा तास चालवला तर पाच सेकंदाला एक थेंब पडायला लागला. खाली डबा ठेवून मोजलं, तासाला ३० मिलीच्या आसपास भरतं. आठ तास मळणी चालली तर पाव लिटर.

तालुक्याच्या मिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मांगचं सील गेलं. फाडाच लागते."

फाडणे म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन तुकड्यांत वेगळा करणे. जीपसारखी याला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे बिडाचे ठोकळेच एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलपर्यंत, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यापर्यंत, पोचायचं तर इंजिन पुढे टेकू देऊन ठेवायचं, मागचा भाग ढकलून वेगळा करायचा, मग क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं. सील स्वतः स्वस्त आहे. मजुरी, क्लच प्लेट आणि बारीकसारीक सामान धरून खर्च दहा हजारांच्या घरात सांगितला. सोयाबीनचा २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन यातच गेलं. शिवाय सोंगणीच्या तोंडावर ट्रॅक्टर दोन-तीन दिवस उघडा पडणार.

दादा म्हणाला, "सोंगणीच्या टायमाले फाडला अन् पाणी आलं, तं कसं करावं?"

मिस्त्रींचा अंदाज चुकीचा म्हणत नाही. त्या भोकातून काळं ऑईल आलं की दहापैकी बऱ्याच वेळा मागचंच सील निघतं. पण अंदाज आणि पुरावा यांत फरक आहे, आणि एवढी मोठी खोलाखोल पुराव्याशिवाय करू नये असं माझं ठाम मत आहे. गळती तशीच सोडणार नाही हेही नक्की. मळणीच्या वेळी कुटार (भुसा) हवेत उडत असतं. ऑईलनं ओल्या इंजिनावर ते चिकटून बसतं, आणि बाजूला सायलेन्सर तापलेला असतो. खळ्यात आग लागायला एवढं पुरतं.

२३ सप्टेंबर

आधी हे ठरवायचं की गळणारं तेल कोणतं. क्लच हाउसिंग ही मधली कोरडी खोली आहे. तिच्या पुढच्या भिंतीत क्रँकचं मागचं सील, मागच्या भिंतीत गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. दोन्हींकडून गळालेलं तेल त्याच भोकातून बाहेर येतं. भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आत आलेलं तेल साचून क्लच प्लेट भिजू नये म्हणून. ते कुणी बुजवू नये. गावात एकाकडे एम-सील लावून बुजवलेलं पाहिलं आहे, त्यानं गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

पांढऱ्या कागदावर तीन थेंब शेजारी शेजारी टाकले : पिनेवरचा, डिपस्टिकवरचा (इंजिन ऑईलची पातळी मोजायच्या काडीवरचा) आणि गिअरबॉक्सच्या काडीवरचा. गिअरबॉक्सचं तेल मधाच्या रंगाचं निघालं. पिनेवरचा आणि डिपस्टिकवरचा दोन्ही काळे, काजळीचा ठिपका मध्ये आणि तेलाचं कडं बाहेर, सारखंच. म्हणजे इंजिन ऑईल. गिअरबॉक्सचं सील संशयातून सुटलं.

त्याच कागदावर दुसरीही गोष्ट तपासता येते. ऑईलमध्ये डिझेल मिसळलं असेल तर ठिपक्याभोवती मोठं, पातळ, पारदर्शक कडं पसरतं आणि काडीला डिझेलचा वास येतो. डिझेल पुरवणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे) उतरतं, ऑईल पातळ होतं आणि एरवी धरून असलेले जोड गळायला लागतात. अशा वेळी काडीवरची पातळी घटण्याऐवजी वाढते. आमची पातळी खाली आली आहे, वास नाही, कडं लहान. तो प्रश्न मिटला.

तिसरी तपासणी क्लचची. मोकळ्या जागेत, समोर कुणी नाही हे पाहून, वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरले आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच दबून बंद पडलं. क्लच प्लेटवर ऑईल जात असतं तर प्लेट घसरली असती आणि इंजिन चालूच राहिलं असतं. मागच्या सीलमधून तासाला ३० मिली येत असेल तर प्लेट एवढी कोरडी कशी? मला पहिला मोठा संशय इथे आला.

२४ सप्टेंबर

सगळा दिवस धुण्यात गेला.

आमची काळी माती ऑईलला धरते तशी दुसरी कुठली धरत नसेल. ब्लॉकच्या डाव्या बाजूला बोटभर जाडीचा थर होता, मागच्या वर्षीचं कुटार त्यातच मळलेलं. लाकडी पट्टीनं खरवडला, लोखंडी पात्यानं नाही, कारण पॅकिंगच्या कडा कापल्या जातात. मग डिझेल आणि तारेचा ब्रश, मग साबणाचं पाणी. आधी डायनॅमो, स्टार्टर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतलं होतं. सर्व्हिसिंग सेंटरवर नेऊन जोराच्या पाण्यानं धुवावं असं काकाजींचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. त्या फवाऱ्यानं पाणी डायनॅमोत जातं, सीलच्या ओठाखाली माती ढकलली जाते, आणि आपण शोधत असलेले मागही वाहून कुठल्या कुठे जातात. शेवटी पंक्चरवाल्याकडच्या हवेनं कोपरे वाळवले.

माती निघाल्यावर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेला जुन्या काळ्या सिलिकॉनचे थर दिसले. कुणीतरी केव्हातरी वरून लिंपून ठेवलेलं. आतल्या बाजूला दाबून निघालेलं असंच सिलिकॉन सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळतीपेक्षा ते जास्त महागात पडतं.

खरवडताना एक नजर ठेवली होती : ओल सर्वात वर आणि सर्वात पुढे कुठे आहे. तेल खाली ओघळतं, आणि रेडिएटरचा पंखा हवा मागे फेकतो, म्हणून ओघळ नेहमी खाली आणि मागे सरकतो. थेंब जिथे पडतो तो फक्त सगळ्यात खालचा बिंदू असतो. क्लच हाउसिंगचं बूड म्हणजे या ट्रॅक्टरवरचा अगदी तसाच बिंदू. वरचं पुढचं कुठलंही तेल फिरून फिरून तिथेच पोचणार.

२६ सप्टेंबर

काल पाऊस होता. आज पावडर.

अंगाला लावायची साधी पांढरी पावडर घेतली आणि मलमलच्या पुरचुंडीतून इंजिनाच्या दोन्ही अंगांवर, टॅपेट कव्हरखाली, फिल्टरभोवती, चेंबरच्या जोडावर थापली. सगळं पांढरंफेक. अंधारात चमकणारा रंग ऑईलमध्ये घालून जांभळ्या टॉर्चनं बघायची पद्धतही चांगली आहे, पण डिझेल इंजिनाचं ऑईल काजळीनं काळं असतं आणि ती चमक बरीचशी गिळून टाकतं. या इंजिनाला पावडर बरी. चुना मात्र वापरू नये, ओला झाला की ॲल्युमिनियमचे भाग खातो.

आधी आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी गतीवर, चालवला. ऑईल तापेपर्यंत काहीच नाही, सगळीकडे पावडर कोरडी. मग गती वाढवून मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर नेला, मळणीयंत्र चालवताना साधारण तेवढीच असते. पाच-सात मिनिटांत डाव्या बाजूला ऑईल प्रेशरच्या स्विचखाली पहिला ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली, रेघ खाली उतरून मागे वळली. स्विचची वायर काढून पाहिली तर टोपीच्या आतच ऑईल भरलेलं. म्हणजे आट्यांतून नाही, स्विचच्या स्वतःच्या दुमडलेल्या जोडातून येतंय. हा जोड दाबाखालच्या ऑईलवर बसलेला असतो, म्हणून इंजिन तापलं आणि गती वाढली की गळतो, बंद केलं की गप्प. उभ्या ट्रॅक्टरखाली वाकून पाहणाऱ्याला तो सापडत नाही.

दुसरी ओल टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात. ती हळू होती, वीस मिनिटांनी दिसली. पण तिचा ओघळ ब्लॉकच्या पाठीवरून सरळ इंजिन आणि हाउसिंगच्या जोडावर उतरत होता, आणि तिथून जोडाच्या कडेकडेनं बुडाशी. मिस्त्रींनी ज्या वाटेवर बोट ठेवलं होतं ती हीच.

चेंबरचं पॅकिंग कोरडं. पुढचं टायमिंग कव्हर कोरडं. फिल्टरची बैठक कोरडी.

२७ सप्टेंबर

बाहेरून दोन गळत्या सापडल्या म्हणून आतलं सील चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. दोन्ही तेलं शेवटी एकाच पिनेवर येतात. ती वेगळी करायला हवी होती.

मांजरपाटाची चार बोटं रुंद पट्टी घेतली आणि हाउसिंगभोवती, भोकाच्या पुढे, आवळून बांधली. बाहेरून ओघळत येणारं तेल पट्टी पिऊन टाकणार, पिनेपर्यंत पोचू देणार नाही. पिनेखाली औषधाची रिकामी काचेची बाटली तारेनं टांगली. बाटलीत जे पडेल ते फक्त आतलं.

तासभर १,५०० वर. पट्टी डावीकडून काळी भिजली. बाटलीतलं ऑईल जनावरांच्या औषधाच्या सिरिंजनं ओढून मोजलं : ४ मिली.

म्हणजे ३० मधलं २६ बाहेरचं होतं. आतून ४ येतंय हेही खरं, आणि ते नोंदवून ठेवते. पण ४ मिलीसाठी सोंगणीच्या दिवसांत ट्रॅक्टर फाडत नाहीत.

२८ सप्टेंबर

स्विच नवा आणला. एकेरी वायरचा आहे, त्याचं दुसरं टोक म्हणजे इंजिनाची बॉडीच. आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली तर हा संपर्क तुटू शकतो आणि मग दाब गेला तरी डॅशवरचा लाल दिवा लागत नाही. म्हणून टेप न लावता आट्यांना सीलंटचा बारीक थर दिला. बसवल्यावर चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. हे दोन्ही बघितल्याशिवाय हे काम पुरं झालं असं धरू नये.

टॅपेट कव्हरला जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. कव्हर पत्र्याचं आहे. गळतंय म्हणून प्रत्येकानं बोल्ट थोडा अजून कसला असणार, त्यामुळे बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा खाली दबला होता आणि दोन बोल्टांच्या मधली कड वर उचलली गेली होती. असं कव्हर कितीही नवं पॅकिंग घाला, मधूनच गळणार. जितकं कसाल तितकं जास्त. कव्हर उलटं करून जाड काचेवर ठेवलं, खालून टॉर्च धरला, उजेड कुठून येतो ते खडूनं खुणावलं. मग लोखंडी ठोकळ्यावर लहान हातोडीनं, एकेका भोकाजवळ हलक्या हातानं सपाट करत गेले. उजेड दिसेनासा होईपर्यंत हे चाललं.

जुनं सिलिकॉन काढताना टॅपेटवर जुनी धुतलेली चादर पसरून ठेवली होती, एक कणही आत पडू दिला नाही. नवं बुचाचं पॅकिंग कोरडंच बसवलं, फक्त कव्हरच्या बाजूनं चिकटवलं म्हणजे पुढच्या वेळी सहज सुटेल. बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, लहान पान्यानं. काकाजी शेजारी उभे होते. म्हणाले, "जरा जोरानं कस ना वं, सैल राहीन." त्यांना काचेवरची खडूची खूण दाखवली आणि पत्रा का वाकला ते सांगितलं. त्यांनी बोल्ट स्वतः हातात धरून पाहिला आणि मान हलवली.

३० सप्टेंबर

पुन्हा पावडर, पुन्हा तासभर १,५०० वर. स्विच कोरडा, वायरची टोपी कोरडी. बाटलीत ४ मिली, पूर्वीइतकंच.

आणि टॅपेट कव्हरच्या त्याच मागच्या कोपऱ्यात पुन्हा ओल.

पत्रा सपाट आहे, पॅकिंग नवं आहे, बोल्ट सारखे कसलेले आहेत. तरी तेल बाहेर पडतंय, याचा अर्थ त्याला कुणीतरी आतून ढकलतंय. टॅपेट कव्हरखालच्या ऑईलला मुळात काही दाब नसतो. ते रॉकरवरून (वाल्व दाबणाऱ्या दांड्यांवरून) उडतं आणि भोकांतून चेंबरमध्ये परत जातं. पॅकिंगचं काम उडालेलं तेल अडवण्याचं, दाब अडवण्याचं नाही. क्रँकच्या मागच्या सीलचंही तसंच. मग दाब कशाचा? पिस्टनच्या रिंगांवरून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली उतरतो, नव्या इंजिनातही. तो बाहेर जायला ब्रीदर असतो.

चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवलं. ते थडथड नाचायला लागलं.

एका जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपचा तुकडा घट्ट बसवला, पाइपचा खाली लोंबता वळसा फळीवर ठोकून त्यात निळीचं पाणी भरलं. दुसरं टोक हवेला उघडं. इंजिन चालू केलं की पाण्याच्या दोन पातळ्यांत जेवढा फरक पडतो तेवढा आतला दाब. १,५०० वर फरक आला १६ सेंटिमीटर. आकडा लहान वाटतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आपण किलोभर हवा ठेवतो त्याच्या साठाव्या भागाएवढा. पण दाब सोसण्यासाठी न बनवलेल्या बुचाच्या पॅकिंगला आणि सीलच्या ओठाला तो सतत, तासन्‌तास ढकलत असतो.

इथून पुढे दोनच शक्यता राहतात. एक तर रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली बाही) घासून गॅस फार उतरतोय. ते असेल तर खर्च दहा हजारांत भागायचा नाही. नाही तर गॅसची बाहेर जायची वाट बंद आहे. स्वस्त शक्यता आधी.

१ ऑक्टोबर

ब्रीदर म्हणजे टॅपेट कव्हरच्या बाजूला लहान डबी, तिच्यात तारेची जाळी, आणि डबीतून निघालेला रबरी पाइप इंजिनाच्या डाव्या अंगानं खाली येऊन क्लच हाउसिंगजवळ उघडा सुटतो. धुताना हे टोक मी बाहेरून पुसलं होतं, मातीनं भरलंय असं वाटलं होतं आणि काळ्या मातीच्या गावात ते काही वेगळं वाटत नाही. आज पाइप काढून आडवा कापला.

आत कुंभारणीचं घर. कुंभारीण माशी चिखल आणून भोकं लिंपते, आत अंडं घालते आणि पिल्लासाठी अळ्या निपचित करून कोंबून ठेवते. खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात, रेडिओच्या मागे आपण तिची घरं रोज पाहतो. जुलै ते सप्टेंबर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, पाइपचं तोंड खाली, सावलीत, पावसापासून सुरक्षित. तिला याहून चांगली जागा कोणती मिळणार? दोन कप्पे, वीटेसारखे कडक वाळलेले. त्यांच्या वर ऑईलचा जुना गाळ आणि कुटार अडकून बसलेलं. डबीतली जाळीही गाळानं निम्मी बुजलेली.

जूनमध्ये नुसती ओल आणि सप्टेंबरात थेंब, याचा उलगडा इथे झाला.

जाळी रॉकेलमध्ये भिजवून, झटकून, वाळवून परत बसवली. पाइप नवा घातला, लांबी जुन्याइतकीच ठेवली, टोक तिरकं कापलं. निळीच्या पाण्याचा पाइप पुन्हा लावला. १,५०० वर फरक २ सेंटिमीटर. झाकण सैल करून ठेवलं तर जागचं हललं नाही, भोकातून हलकी वाफ तेवढी येते. रिंगांची भीती सध्यापुरती गेली.

तासभर चालवून बाटली पाहिली. तळाला नुसता ओलावा. सिरिंजमध्ये एक मिलीही भरला नाही.

टॅपेट कव्हरचा कोपरा कोरडा.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. मिस्त्री गावात दुसऱ्या कामाला आले होते, मुद्दाम शेडवर बोलावलं. पट्टी, बाटली, कापलेला पाइप आणि आकडे लिहिलेली वही, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हाउसिंगच्या भोकात बोट घालून फिरवलं, बाहेर काढून उजेडात पाहिलं. मग कुंभारणीचा चिखल चिमटीत चुरडून बघत म्हणाले, "आता नाही फाडा लागत, ताई. उन्हाळ्यात क्लच प्लेट बदलसान, तवा सील टाकून देऊ."

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. सील बदलताना नुसतं जुनं काढून नवं ठोकू नये. सीलचा ओठ वर्षानुवर्षं क्रँकवर एकाच जागी घासतो आणि तिथे बारीक खाच पडते. नवं सील त्याच खाचेवर बसलं तर थोड्या दिवसांत पुन्हा गळतं. म्हणून नखानं खाच जाणवते का ते पाहायचं, आणि जाणवली तर सील जरा पुढेमागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा, किंवा त्या जागी पातळ स्टीलची बाही चढवायची. दुसरं म्हणजे क्रँक पुढेमागे किती सरकतो आणि वरखाली किती हलतो ते डायल गेजनं मोजायचं. मेन बेअरिंग ढिलं असेल तर क्रँक डोलतो, आणि डोलणाऱ्या क्रँकवर कुठलंच सील टिकत नाही. तेव्हा आधी बेअरिंग, मग सील.

घट्ट तेल टाकायचा सल्ला गावात दोघा-तिघांनी दिला होता. मिस्त्रींनाही तो पटला नाही. घट्ट तेलानं थेंब थोडा उशिरा पडेल, पण थंडीत सकाळी सुरू करताना तेच तेल वरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोचेल. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलंय, तेच राहील.

७ ऑक्टोबर

सोयाबीनचं जेएस ९३०५ हे वाण आधी तयार झालं, म्हणून मळणीची सुरुवात आपल्याच खळ्यावर. दव उतरल्यावर साडेदहाला यंत्र लावलं, संध्याकाळपर्यंत मध्ये मध्ये थांबत चाललं. गंजीपासून ट्रॅक्टर जेवढा लांब ठेवता येईल तेवढा ठेवला, वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि पाण्याचे दोन ड्रम भरून जवळ. दर दोन तासांनी रेडिएटरची जाळी झाडली.

खरी परीक्षा हीच होती. शेडमध्ये बिनभाराचं इंजिन फिरवणं वेगळं आणि भाराखाली दिवसभर चालणं वेगळं. भार वाढला की रिंगांवरून उतरणारा गॅसही वाढतो. दुपारी भर कामात पाण्याचा पाइप लावून पाहिला, ३ सेंटिमीटर. ठीक आहे.

संध्याकाळी इंजिनाच्या डाव्या अंगावरून हात फिरवला. कुटाराची धूळ होती, कोरडी, फुंकरीनं उडणारी. बाटलीत दिवसभराचं मिळून ३ मिली. ब्रीदरच्या पाइपच्या टोकाशी तेलकट ओल आहे, ती असणारच, आतली वाफ तिथूनच बाहेर पडते. तिला पुढे कुणी गळती समजू नये म्हणून इथे लिहून ठेवते. काडीवरची पातळी सकाळच्याच खुणेवर.

दादानं उद्यापासूनची भाड्याची कामं घेतली.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन पूजा केली. धुताना पुन्हा नीट पाहिलं, भाड्याच्या मळण्यांनंतरही स्विच आणि टॅपेट कव्हर कोरडे. बाटलीतलं माप दिवसाला ३ ते ४ मिलीवर स्थिर आहे. बाटली काढून टाकली, भोकात पिन पूर्वीसारखी सैल फिरती ठेवली.

खर्च : ऑईल स्विच, बुचाचं पॅकिंग, ब्रीदरचा पाइप, रॉकेल आणि पावडर, सगळं मिळून हजाराच्या आत. पावत्या वहीत लावल्या. धुताना निघालेलं तेलकट डिझेल आणि जुनं ऑईल कॅनमध्ये आहे. ते धुऱ्यावर किंवा विहिरीच्या बाजूला कुणी ओतायचं नाही. थोडं बैलगाडीच्या आसाला लागेल, उरलेलं भंगारात जुनं ऑईल घेणाऱ्याकडे.

राहिलेली कामं. चन्याच्या पेरणीआधी गिअरबॉक्सचा आणि हायड्रॉलिकचा ब्रीदर उघडून पाहायचा. कुंभारणीला तिथेही जागा आहे, आणि तो बुजला तर मागच्या चाकांची सीलं याच तऱ्हेनं गळू लागतील. एप्रिलमध्ये नांगरणी आटोपली की क्लच प्लेट आणि मागचं सील, मिस्त्रींनी सांगितलेल्या क्रमानं. खाच आणि क्रँकची हालचाल मोजून आकडे इथेच लिहायचे. पुढच्या जुलैत ट्रॅक्टर शेडमध्ये लावताना ब्रीदरच्या तोंडात कापडाचा बोळा घालायचा आणि त्याची लाल दोरी स्टिअरिंगला बांधायची, म्हणजे काढल्याशिवाय कुणी इंजिन सुरू करणार नाही. ऑईल आणि फिल्टर चन्याच्या पेरणीनंतर बदलायचं आहे, तेव्हा पाण्याचा पाइप लावून दाब पुन्हा मोजीन. ५ सेंटिमीटरच्या वर गेला तर आधी ब्रीदरची जाळी, मग रिंगा.